कूट आणि द्यूत : मोबाइलवरील खेळांची पारख

मुलांच्या हातीं मोबाइल द्यावा कीं देऊं नये, हा वाद आतां घरोघरीं शिळा झाला आहे. शिळा झाला, पण मिटला मात्र नाहीं. एक पक्ष म्हणतो कीं, खेळ तेवढे वाईट, सबब यंत्रच काढून घ्यावें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, सारींच मुलें खेळतात, मग आपल्याच मुलास कां अडवावें? 'मोबाइलवरचा खेळ' ही एकच वस्तु आहे असें धरून दोन्ही पक्ष बोलतात, आणि आमच्या मतें वादाचें मूळ नेमकें तेथेंच आहे. 'पुस्तक वाचावें कीं वाचूं नये' असा प्रश्न कोणी शहाणा मनुष्य विचारीत नाहीं. कोणतें पुस्तक, असें तो प्रथम विचारतो. खेळांच्या बाबतींतहि हाच प्रश्न आधीं विचारला पाहिजे. कोड्यांचे व साहसाचे कांहीं खेळ आम्हीं अलीकडे स्वतः खेळून पाहिले. त्यांची पारख वाचकांपुढें ठेवण्याचा आज विचार आहे.

पारख करावयाची तर कस लावण्यास दगड हवा, आणि तो आम्हांस आपल्या जुन्या वाङ्मयांतच सांपडला. तेथें खेळांचीं दोन कुळें दिसतात : एक कूट आणि दुसरें द्यूत. कूट म्हणजे ज्याचें उत्तर आधींच ठरलेलें आहे व जें विचारानें सांपडतें. द्यूत म्हणजे ज्याचा निकाल फाशाच्या हातीं आहे व ज्यांत हरणाऱ्यास 'आणखी एक डाव' याखेरीज दुसरें कांहीं सुचत नाहीं. ऋग्वेदांत हीं दोन्ही आहेत. पहिल्या मंडलांतील एकशें चौसष्टावें सूक्त हें कोड्यांचें भांडार होय, तर दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त हा जुगाऱ्याचा विलाप होय. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादींत प्रहेलिका आहे, तसेच द्यूतविशेषहि आहेत. दंडीनें तर काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. परंतु सर्वांत बोलका दाखला धर्मराजाचा. सभापर्वांत त्यानें फाशांच्या नादीं लागून आपले चौघे भाऊ पणास लावले व गमावले. वनपर्वांत तेच चौघे तळ्याकाठीं निष्प्राण पडले असतां यक्षाच्या प्रश्नांचीं उत्तरें देऊन त्यानें ते परत मिळविले. मनुष्य तोच, भाऊ तेच. खेळ मात्र वेगळा.

हा भेद आम्हांस केवळ पोथींतून सुचला असें मात्र नाहीं. चैत्रांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. आमचा नातू अकरा वर्षांचा आहे. एका खेळांत, त्याचें नांव येथें घेत नाहीं, तो तीन दिवस एकाच पायरीवर अडून बसला होता. अमुक हिरे विकत घे म्हणजे वाट मोकळी होईल, असें खेळ त्यास वारंवार सांगत होता. वडिलांच्या मोबाइलवरून त्यानें सहा वेळां मिळून १,१४० रुपये त्यांत घातले, आणि बँकेकडून आलेले संदेश पुसून टाकले. रक्कम मोठी नव्हती. पुसलेले संदेश मोठे होते. सूनबाई दोन दिवस मुलाशीं बोलल्या नाहींत. चिरंजीव म्हणाले, "नाना, आतां तें यंत्रच कपाटांत कुलपांत ठेवूं या." आम्हीं मुलास जवळ बसवून विचारलें, "अरे, एवढे हिरे घेऊन तूं करणार होतास तरी काय?" तो खालीं पाहून म्हणाला, "आजोबा, मला फक्त पुढं काय आहे ते बघायचं होतं."

या उत्तरांत आम्हांस लोभ दिसला नाहीं. पुढें काय आहे तें पाहण्याची इच्छा हीच शिकण्याची पहिली पायरी. मुलांच्या ठिकाणीं ती उत्पन्न व्हावी म्हणून आम्हीं सारा जन्म वर्गांत खटपट केली, आणि येथें तीच इच्छा कोणीतरी हेरून तिच्यावर दुकान थाटलें होतें! मुलाला शासन झालें. संदेश पुसल्याबद्दल झालें, व तें योग्यच होतें. परंतु त्या इच्छेस शासन करणें आम्हांस बरें वाटेना. तिला चांगलें कोडें द्यावें, असें आम्हीं सुचविलें. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही शेजारीं बसणार असाल तरच." आम्हीं कबूल केलें. टॅबलेट दिवाणखान्यांत सर्वांच्या देखत ठेवावयाचा, संध्याकाळीं एक तास खेळावयाचें, आणि खेळ आधीं आम्हीं निवडावयाचा, अशी तोड निघाली.

पहिला खेळ 'द रूम'. इंग्लंडांतील गिल्डफर्ड येथील फायरप्रूफ गेम्स या मंडळीनें तो २०१२ सालीं प्रथम आयपॅडसाठीं काढला. एका अंधाऱ्या खोलींत एक अवजड पेटी आहे. तिच्या अंगांत कप्पे, कळा, चक्रें व कुलपें दडविलेलीं आहेत, आणि एक पेटी उघडली कीं तिच्या पोटांतून दुसरी निघते. किल्ली नुसती लावून भागत नाहीं. बोटानें ती खरीच फिरवावी लागते. पुढें एक भिंग सांपडतें. तें डोळ्यास लावलें असतां एरवीं न दिसणाऱ्या खुणा लांकडावर व धातूवर उमटूं लागतात. या खेळाचा आम्हांस सर्वांत आवडलेला गुण म्हणजे त्याची सूचना देण्याची रीति. अडलेल्यास तो मदत करतो, पण एकदम उत्तर सांगत नाहीं. पहिली सूचना केवळ दिशा दाखविते. कांहीं वेळ गेल्यावर दुसरी थोडी अधिक उघड येते. आणि या मदतीचा तो पैसा मागत नाहीं. फळ्यापाशीं अडलेल्या मुलास चांगला शिक्षक याच क्रमानें हात देतो. दोष सांगावयाचा तर कथानक अगदीं पातळ आहे, आणि वातावरण भयाण आहे. दहा वर्षांखालील मुलांस तो रात्रीं दाखवूं नये.

याच खेळांत चौथ्या दिवशीं आम्ही आजोबा-नातू एका नक्षीपाशीं अडून बसलों होतों. सूनबाई भाजी निवडतां निवडतां मागून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, तें भिंग लावून जरा बाजूनें बघा." तिरकस पाहतांच तुटक रेघांची एक आकृति जुळून आली. मुलानें मागें वळून आईकडे पाहिलें. कोणी कांहीं बोललें नाहीं, पण दुसऱ्या दिवसापासून भाजीची परात दिवाणखान्यांतच येऊं लागली.

दुसरा खेळ 'मॉन्युमेंट व्हॅली'. लंडनच्या अस-टू गेम्स यांनीं तो २०१४ सालीं काढला. इडा नांवाची एक मूक राजकन्या अशा वास्तूंतून चालते कीं ज्या भूमितीच्या पुस्तकांत बसत नाहींत. जिना फिरवावा, म्हणजे एरवीं दूर असलेलीं दोन टोकें डोळ्यांस जुळलेलीं दिसतात. आणि डोळ्यांस जुळलीं कीं तीं तिच्या पायांसहि जुळतात! या चमत्काराची वंशावळ मोठी आहे. स्वीडनमधील ऑस्कर रॉइटर्सव्हार्ड या चित्रकारानें १९३४ सालीं अशक्य त्रिकोणाचें चित्र काढलें. लायोनेल व रॉजर पेनरोज या पितापुत्रांनीं १९५८ सालीं अशा आकृतींवर निबंध प्रसिद्ध केला. पुढें १९६० व १९६१ सालीं डच चित्रकार एशर यानें कधींच न संपणारा जिना आणि स्वतःच्याच उगमाकडे वाहत जाणारा धबधबा रेखाटला. यांपैकीं रॉजर पेनरोज यांस २०२० सालीं कृष्णविवरांसंबंधींच्या कार्यासाठीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. एवढी हकीकत सांगितल्यावर नातवानें कागदावर तो त्रिकोण काढावयास घेतला आणि दोन पानें खराब करून तिसऱ्यावर साधला. खेळाची किंमत तेथेंच वसूल झाली.

या खेळांत मरण नाहीं, घड्याळाचा काटा नाहीं, व हरण्याची भीतिहि नाहीं. मूळचीं प्रकरणें दहाच. दोन-तीन बैठकींत तो संपतो. कोडीं थोडीं सोपीं आहेत, एवढाच त्याचा दोष. नोव्हेंबर २०१४ मध्यें कर्त्यांनीं नवीं प्रकरणें काढून त्यांची वेगळी किंमत मागितली, तेव्हां कित्येक गिऱ्हाइकांनीं संतापून त्यास एकच तारा दिला. पुस्तकाचा दुसरा भाग फुकट मिळाला नाहीं म्हणून ग्रंथकारास शिव्या देण्यासारखाच हा प्रकार! फुकट म्हणून येणाऱ्या खेळांनीं लोकांची नजर किती बिघडविली आहे, तें यावरून दिसतें. सरळ मागितलेली किंमत टोंचते, आणि थेंबाथेंबानें काढून घेतलेली कळतहि नाहीं.

तिसरा खेळ 'मशिनेरियम' हा चेक देशांतील अमानिता डिझाइन यांचा. २००९ सालीं तो संगणकासाठीं निघाला व पुढें टॅबलेटवर आला. जोसेफ नांवाचा एक यंत्रमानव शहराबाहेर भंगाराच्या ढिगावर फेकला जातो. त्यानें आपलेच अवयव गोळा करून उभें राहावयाचें व शहरांत परतावयाचें. साऱ्या खेळांत संवाद म्हणून नाहीं. मनांतलें बोलणें डोक्यावरच्या ढगांत चित्रांनीं दाखविलेलें असतें. मराठी घरांस हा मोठा लाभ आहे, कारण यांतील बहुतेक चांगले खेळ इंग्रजीवांचून अडतात. आमच्या सौभाग्यवतींस इंग्रजी येत नाहीं. शहराच्या वेशीवर पहारेकरी जोसेफास आंत सोडीना, तेव्हां नातू व आम्ही दोघेहि थकलों. त्या चष्मा पुशीत म्हणाल्या, "अरे, त्याच्यासारखी टोपी घाल, म्हणजे आपलाच समजून सोडील." तेंच उत्तर होतें! रस्त्यावरचा शंकु निळ्या रंगांत बुडवून, वर दिवा बसवून टोपी सजली, आणि जोसेफ आंत गेला. त्या दिवसापासून घरांत आजीचा सल्ला आधीं घेतला जातो.

या खेळांत उत्तरांची एक वहीहि आहे, पण ती कुलपांत असते. कुलूप उघडण्यास प्रत्येक वेळीं एक छोटा कंटाळवाणा खेळ खेळावा लागतो. उत्तर मिळतें, पण कष्ट देऊन. पैसे देऊन नव्हे. दोष म्हणाल तर कांहीं कोडीं फारच बारीक आहेत, आणि कोणती वस्तु उचलतां येते हें कधीं कधीं नुसतें चाचपडून शोधावें लागतें.

चौथा खेळ 'एटी डेज', म्हणजे ऐंशीं दिवसांत जगाची प्रदक्षिणा. ज्यूल व्हर्नची कादंबरी १८७३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तिच्या आधारें केंब्रिजच्या इंकल या संस्थेनें २०१४ सालीं हा खेळ रचला. त्यांतील बहुतेक लेखन मेग जयंत यांचें आहे. येथें खेळणारा धनी होत नाहीं. तो पासपार्तू हा नोकर होतो. धन्याची प्रकृति, पैशाची थैली, सामान आणि गाड्या-आगबोटींच्या वेळा हें सारें त्यानेंच सांभाळावयाचें. मजकूर पांच लाखांहून अधिक शब्दांचा आहे, आणि एका प्रवासांत त्याचा लहानसाच अंश वाचावयास मिळतो. एकदां घेतलेला मार्ग मागें घेतां येत नाहीं, म्हणून मूल निवड करण्यापूर्वीं थांबून विचार करूं लागतें. भाषा इंग्रजी व प्रौढ आहे. शेजारीं कोणी वडील मनुष्य हवें.

या निमित्तानें आम्हीं कपाटांतील जुना नकाशा काढून जमिनीवर पसरला. मूळ कादंबरींत हाच पासपार्तू मुंबईस मलबार हिलवरील देवळांत पादत्राणांसह शिरतो, आणि तीं गमावून अनवाणी स्टेशनावर पळत येतो, हें ऐकून मुलें फार हंसलीं. पुढें लोहमार्ग मध्येंच संपतो व हत्तीवरून जावें लागतें, असें व्हर्न लिहितो. वस्तुतः मुंबईहून कलकत्त्यास जाणारा मार्ग १८७० सालींच जोडला गेला होता, आणि कथा तर १८७२ सालची आहे. ग्रंथकाराची ही लबाडी मुलांस सांगावी. छापलेलें सारेंच खरें नसतें, हा धडा त्यांत फुकट मिळतो.

असो. हे चार खेळ निःसंशय कूटाच्या कुळांतले. आतां मधल्या जातीचा एक पाहूं. 'थ्रीज' नांवाचा आंकड्यांचा खेळ दोघां मुख्य कर्त्यांनीं एक वर्षाहून अधिक काळ घांसूनपुसून फेब्रुवारी २०१४ मध्यें विक्रीस काढला. पुढच्याच महिन्यांत गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणानें त्याच धर्तीचा '२०४८' हा खेळ एका शनिवार-रविवारांत रचून फुकट वांटला, आणि जगाच्या तोंडीं नांव राहिलें तें दुसऱ्याचें. चार-चार घरांच्या चार ओळी. दोन सारखे आंकडे एकमेकांवर सारले कीं त्यांची बेरीज होते. दोनाचे चार, चाराचे आठ, असें अकराव्या घातापर्यंत जावयाचें. नवा आंकडा कोठें पडेल हें दैवाधीन आहे. पण सर्वांत मोठा आंकडा एका कोपऱ्यांत धरून ठेवणारा बहुधा जिंकतो. बारा आणे विचार व चार आणे दैव, असा हा हिशेब आहे. दोनाचे घात पाठ होतात हा लाभ, आणि 'आणखी एकदां' हा मोह सुटत नाहीं हा तोटा.

याच्या पलीकडे रंगीत गोळ्या जुळविण्याचे खेळ. त्यांतील सर्वश्रुत 'कँडी क्रश सागा' हा किंग या कंपनीनें २०१२ सालीं काढला. तो फुकट मिळतो, आणि पैसा न देतां खेळणारेहि पुष्कळ आहेत. कामानें थकलेल्या अनेक गृहिणींचा व वृद्धांचा तो विरंगुळा आहे. त्यांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्याची रचना पाहावी. खेळणाऱ्यास पांच 'जीव' मिळतात. डाव हरला कीं एक जातो, आणि गेलेला जीव अर्ध्या तासानें परत येतो. तोंवर थांबावें, मित्राकडे मागावा, नाहींतर पैसे द्यावे. वरून कोणत्या रंगाची गोळी पडेल तें खेळणाऱ्याच्या हातीं नाहीं. एक खेळी कमी पडून डाव गेला कीं आणखी खेळ्या विकत मिळतात. म्हणजे येथें विक्रीस मांडलेली वस्तु खेळ ही नव्हे, तर अधीरता ही होय. मोठीं माणसें आपली अधीरता ओळखून आवरतात. अकरा वर्षांचें मूल ती कशी ओळखणार?

कोणी म्हणेल कीं, सारीपाट व सापशिडी हे खेळहि दैवाधीनच आहेत, आणि आपल्याकडील मोक्षपट तर परंपरेनें ज्ञानेश्वरांच्या नांवावर सांगतात. मग दैवाचा एवढा राग कां? हें म्हणणें खरें आहे. आमचा राग दैवावर नाहींच. मोक्षपटांत सापानें गिळलें तर सोंगटी खालीं येते. ती वर नेण्यास कोणी पैसे मागत नाहीं, आणि पट गुंडाळला कीं खेळ संपतो. दैव जेव्हां दुकानदाराच्या नोकरींत शिरतें, तेव्हां तें द्यूत होतें. पैसे लावून पैसे जिंकण्याचे मोबाइलवरील खेळ आपल्या देशांत ऑगस्ट २०२५ मध्यें झालेल्या कायद्यानें निषिद्ध ठरविले, तें चांगलेंच झालें. परंतु ज्या खेळांत जिंकावयाचें कांहींच नसून केवळ देत राहावयाचें असतें, तेथें पहारा घरानेंच ठेविला पाहिजे.

म्हणून आमच्या वाचकांस चार प्रश्न सुचवितो. मुलाच्या हातीं खेळ देण्यापूर्वीं ते विचारावे. पहिला : हा खेळ संपतो काय? दुसरा : अडलें असतां उत्तर विचारानें मिळतें कीं पैशानें? तिसरा : हरल्यावर मुलास आपली चूक दिसते कीं नशीब दिसतें? चौथा : शेजारीं बसलेल्या दुसऱ्या माणसास यांत कांहीं सुचवितां येतें काय? चौथ्या प्रश्नाची योग्यता आम्हांस सर्वांत अधिक वाटते. ज्या खेळांत आजीस टोपी सुचते व आईस भिंग सुचतें, तो एकत्र कुटुंबाच्या दिवाणखान्यांत शोभतो. जो खेळ मुलास कोपऱ्यांत घेऊन जातो व संदेश पुसावयास शिकवितो, तो कितीहि रंगीत असला तरी शोभत नाहीं. याखेरीज एक व्यावहारिक सूचना : प्रत्येक खरेदीपूर्वीं सांकेतिक शब्द विचारला जावा, अशी सोय मोबाइलमध्यें असते, ती चालू करून ठेवावी, व तो शब्द मुलांस सांगूं नये.

अतिशयोक्ति मात्र करावयाची नाहीं. चांगल्यांत चांगला खेळहि मैदानाची, झोपेची किंवा पुस्तकाची जागा घेऊं शकत नाहीं, आणि तासाभरानंतर डोळेहि शिणतात. आमचा नातू यांमुळें विद्वान् झाला असें नाहीं. गणितांत त्याची पूर्वींचीच ओढाताण चालू आहे. एवढें मात्र घडलें कीं, चौथा खेळ आटोपल्यावर त्यानें बुटांच्या खोक्याची एक पेटी केली, तींत कप्पे केले, चिठ्ठ्या दडविल्या, आणि ती आईपुढें नेऊन ठेविली. सूनबाईंनीं ती सोडविण्यास पाऊण तास घेतला. शेवटच्या चिठ्ठींत काय लिहिलें होतें, तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

द्यूताचा डाव संपला तरी मन फाशापाशींच घोटाळत राहतें. कूट सुटलें कीं मन मोकळें होतें, व मूल जागेवरून उठून दुसऱ्या कामास लागतें. आपल्या घरांतील मूल खेळ संपल्यावर कसें उठतें, एवढेंच दोन दिवस पाहावें. त्याच्या हातांत कोणत्या कुळांतला खेळ आहे, तें निराळें सांगावें लागणार नाहीं.